बाहेरून जोडलेली अंड्यांची पेटी दर पावसाळ्यात का गळते?

खुराड्याच्या भिंतीला बाहेरून अंड्यांची पेटी जोडली की सोय होते. वाकून आत शिरावं लागत नाही, झाकण उचललं की अंडी हाताशी येतात आणि आतली जागा कोंबड्यांना मोकळी राहते. तक्रार सुरू होते ती मृग लागल्यावर. पेटीतला तूस ओला, अंडी बरबटलेली, चार दिवसांत कुबट वास. मग कोंबड्या पेटी सोडून कोपऱ्यात, नाहीतर थेट परसातल्या झुडपात अंडी घालू लागतात. सिलिकॉनची नळी आणून फट भरली जाते, तो पावसाळा कसाबसा निभावतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच फटीतून पुन्हा पाणी येतं.

तीच फट दर वर्षी उघडत असेल तर दोष सिलिकॉनचा नाही. पेटी हलतेय. ते आधी तपासायचं, फट नंतर.

खालची मापं साधारण ६ × ४ फुटांच्या खुराड्याला आणि १० ते १२ कोंबड्यांना धरून आहेत. चार-पाच कोंबड्यांमागे एक खण पुरतो, म्हणजे तीन खणांची पेटी. प्रत्येक खण आतून १२ इंच रुंद आणि १२ इंच खोल. गिरिराज, वनराज असल्या अंगाने भरलेल्या कोंबड्या असतील तर १४ इंच. भिंतीकडची उंची १६ इंच, बाहेरच्या कडेची १२, म्हणजे छताला फूटभर खोलीत ४ इंचांचा उतार मिळतो. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा ठेवून पेटी करतात, तो मोठ्या कोंबडीला अपुरा पडतो. त्याचं तोंड जेमतेम सव्वानऊ इंचांचं. कोंबडीला आत नीट वळता येत नाही आणि वळताना आधीचं अंडं पायाखाली येतं.

पाणी कुठून येतं ते कागदावर पाहा

कोरड्या दिवशी पेटी रिकामी करा. तळाला आणि आतल्या सगळ्या फळ्यांना वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने लावा. झाकण बंद करून तांब्याने सावकाश पाणी ओता, पण खालून वर. आधी झाकणाच्या बाहेरच्या कडेवर दोन तांबे. पाच मिनिटं थांबून कागद पाहा. मग दोन्ही बाजूंच्या कडांवर, मग झाकण आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यावर, आणि सगळ्यात शेवटी सांध्याच्या फूटभर वर भिंतीवर. सुरुवातच वरून केली तर सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. कागदावरचा ओला पट्टा पाणी कुठून कुठे गेलं ते दाखवतो. पट्ट्याचं वरचं टोक जिथे, तिथे फट.

कागद पूर्ण कोरडे राहिले आणि तरी पावसात पेटी भिजत असेल, तर कारण झड किंवा पागोळ्या. खुराड्याच्या पाख्यावरून पडणारी पागोळ्यांची रांग बरोबर पेटीच्या झाकणावर येत असेल तर तिथून उडालेले शिंतोडे झाकणाखाली शिरतात. यावर उपाय सोपा आहे: पाख्याला पत्र्याची पन्हाळ लावून पाणी एका टोकाला काढा, किंवा पाखं पेटीच्या पुढे सहा इंच जाईल इतकं वाढवा.

पेटी लोंबतेय का?

१२ मिमी प्लायची तीन खणांची पेटी झाकणासकट ११–१२ किलो भरते. सकाळी तिन्ही खणांत कोंबड्या बसल्या की आणखी सहा ते नऊ किलो. अंडी काढताना माणूस पेटीच्या कडेवर हात टेकतो ते वेगळंच. हा सगळा भार भिंतीपासून फूटभर बाहेर असतो, त्यामुळे पेटी नुसती खाली ओढली जात नाही, बाहेरच्या बाजूला कलते. कलली की खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरची सुटते. वरची सुटलेली जागा म्हणजेच झाकणाचा सांधा.

खात्री करायला पेटीची बाहेरची कड दोन्ही हातांनी थोडी वर उचला. उचलताना वरची फट मिटत असेल तर दुखणं आधाराचं आहे, आणि आधार दिल्याशिवाय त्या फटीत कितीही सिलिकॉन घाला, सोडल्याबरोबर ते पुन्हा ताणलं जाणार.

पेटी नुसत्या वेल्डमेशला (तारा वेल्ड करून केलेल्या चौकोनी जाळीला) किंवा पातळ पत्र्याला स्क्रूने टांगलेली असेल तर ती टिकणारच नाही. लाकडी खुराड्यात आतल्या बाजूने पेटीच्या वरच्या आणि खालच्या पातळीवर एकेक आडवं लाकूड, २ × १½ इंच, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत टाका. पेटी त्या लाकडांना ८ मिमी बोल्टने, दोन्हीकडे मोठे वायसर घालून आवळा. जाळीच्या भिंतीला एक इंची स्क्वेअर पाईपची चौकट वेल्ड करून घ्यावी लागते. फॅब्रिकेटरकडे अर्ध्या तासाचं काम आहे. शिवाय पेटीच्या खाली २५ मिमी अँगलचे दोन तिरके ब्रॅकेट, दोन्ही टोकांपासून चार-चार इंच आत.

ब्रॅकेटऐवजी पेटीला पुढून दोन पाय लावणं स्वस्त पडतं आणि दिसायला भक्कम वाटतं. पण काळ्या मातीत किंवा भरावाच्या जागेवर ते करू नका. पावसात खुराडं एका अंगाने खचतं, पाय दुसऱ्या अंगाने, आणि दोघांच्या मधला सांधा फाटतो. ब्रॅकेट खुराड्याबरोबरच हलतो, म्हणून सांधा शाबूत राहतो. खुराडं पक्क्या जोत्यावर असेल आणि पायही त्याच जोत्यावर टेकत असतील, तरच पाय चालतील.

झाकणाचा सांधा

झाकण उघडायला हवं म्हणून तिथे बिजागऱ्या, बिजागऱ्या म्हणून फट, आणि भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी त्या फटीवर. इथे सिलिकॉन चालत नाही, कारण झाकण दिवसातून दोनदा उघडतं. पत्र्याची एल पट्टी ठोकली तर झाकण अर्ध्यावर अडतं, आणि मग कोणीतरी ती वर वाकवून ठेवतं.

चालतं ते रबर. ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. तिची ६ इंच रुंद, पेटीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे तीन-तीन इंच जास्त अशी एकसंध पट्टी कापा. दोन तुकडे जोडून वापरू नका, जोडावर गळेल. वरची कड भिंतीवर ठेवून तिच्यावर एक इंची लाकडी पट्टी ठेवा आणि दर चार इंचांवर स्क्रू मारा. खालची कड झाकणावर तशीच, पण ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीखाली. दोन्ही कडा बसवताना झाकण बंद हवं. झाकण बंद असताना रबराला सर्वांत जास्त लांबी लागते. उघडल्यावर ते आपोआप आत दुमडतं. झाकण उघडं ठेवून रबर बसवलं की पहिल्यांदा बंद करतानाच ते स्क्रूपाशी फाटतं. पट्टी दोन्ही टोकांना पेटीच्या बाहेर तीन इंच लोंबू द्या, कापून साफ करू नका. पाणी बाजूने आत वळतं ते तिथेच. बिजागऱ्या रबराखाली झाकल्या जातात, त्यामुळे गंजतही नाहीत. ऊन लागून काही वर्षांनी रबर तडकतं, ते मे महिन्यात बोटाने ताणून पाहायचं.

भिंत नालीदार पत्र्याची असेल तर सरळ लाकडी पट्टी तिच्यावर बसत नाही. प्रत्येक नालीत बोटभर पोकळी राहते आणि पाणी नेमकं नालीतूनच वाहतं. तिथे रबराची वरची कड पत्र्याच्या बाहेरून न लावता वरच्या पत्र्याच्या मागे सारायची. त्यासाठी पेटीसाठीचं भोक कापताना दोन पत्र्यांच्या जोडाखाली कापा. भोक आधीच मधोमध कापलं गेलं असेल तर नाल्या एम-सीलने भरून सपाट पट्टा करून घ्या. किचकट काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

झाकणाची पुढची कड हाही एक चोरदरवाजा. पाणी कडेवरून खाली न टपकता कडेला चिकटून झाकणाच्या खालच्या अंगाने आत सरकतं. झाकण पेटीच्या पुढे आणि बाजूंना दोन इंच बाहेर हवं, आणि त्यावरच्या पत्र्याचा काठ अर्धा इंच सरळ खाली मुडपलेला हवा. थेंब त्या काठावरून सुटून पडतो.

कोकणात झाकण वरून उघडूच नका

सोलापूर-अहिल्यानगरकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे रबराची पट्टी पुरते. कोकणात सरासरी तीन हजारांच्या घरात पडतो, आणि तोही आडवा. तिथे वरून उघडणारं झाकण ही मुळातच चुकीची रचना आहे. झाकण उचलून अंडी काढेपर्यंतच खण भिजतात. तिथे पेटीचं छत कायमचं बंद करा आणि पुढची फळी खाली पडेल अशी करा.

छताचा पत्रा भिंतीशी संपवू नका. तो तीन इंच वर मुडपून भिंतीच्या वरच्या पत्र्याच्या किंवा फळीच्या मागे सारा. आता सांधा हलत नाही, म्हणून इथे सिलिकॉनही टिकतं. पुढच्या फळीचे दोन भाग करा: खालचे ३ इंच कायमचे पक्के, वरचा ९ इंचांचा भाग खालच्या कडेला बिजागऱ्या लावून बाहेर पडणारा. संपूर्ण फळी पाडती केली तर उघडल्याबरोबर तूस आणि त्यासोबत अंडी पायावर येतात. छत फळीच्या पुढे तीन इंच असू द्या. फळी आणि छतामध्ये पाव इंच फट मुद्दाम ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेली फळी जुलैमध्ये उघडत नाही.

आधीच वरून उघडणारी पेटी असेल तर ती टाकून देण्याची गरज नाही. झाकण स्क्रूने पक्कं करा, पुढची फळी करवतीने तीन इंचांवर कापा, बिजागऱ्या काढून तिथे लावा.

प्लायबद्दल थोडक्यात. कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या, आणि कापल्यावर उघड्या पडलेल्या कडांना प्राइमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या. प्लाय पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून पितो. आतून रंग नको. तळाला प्रत्येक खणात ६ मिमीची चार भोकं पाडा, म्हणजे चुकून आलेलं पाणी साचणार नाही.

गळती थांबली, तरी कोंबडी पेटीत जात नाही

आता उरतात ऊन आणि उजेड. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी, साधारण अकराच्या आत घालतात. पश्चिमेचं ऊन टाळायचं म्हणून पेटी पूर्वेला लावली जाते, आणि मग नेमक्या अंडी घालण्याच्या वेळी तिच्यावर ऊन येतं. पत्र्याखालचा खण तापतो, कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि उठून जाते. उत्तरेची भिंत सगळ्यात बरी. मे-जूनमध्ये तिथेही सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, पण पाख्याच्या सावलीत निभावतं. शिवाय पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, तीही चुकते.

विदर्भ-मराठवाड्यात पत्रा आणि प्लाय यांच्या मध्ये एक इंची थर्माकोल घाला, मात्र तो चारही कडांनी बंद हवा. उघडा दिसला की कोंबड्या तो टोचून टोचून संपवतात. बाजूच्या फळ्यांवर छताच्या लगत एक इंचाची दोन-दोन भोकं पाडून त्यांना अर्ध्या इंची जाळी लावा, गरम हवा तिथून निघते. कळपात कोंबडा असेल तर उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा काढा. फलित अंड्यात २१ अंशांच्या वर वाढ सुरू होऊ लागते, आणि तापलेल्या खणात दिवसभर राहिलेलं अंडं फोडल्यावर बलकावर लाल रेघ दिसते.

उजेडाची चूक भोक कापताना होते. पेटीच्या लांबीएवढी सगळी भिंत कापून टाकली तर खण उघड्या फळीसारखे दिसतात. प्रत्येक खणाला वेगळं भोक हवं: १० इंच रुंद, १०–११ इंच उंच, आणि खालचा उंबरा ५ इंचांचा. उंबरा कमी असला की कोंबडी तूस उकरून बाहेर काढते, मग अंडं उघड्या प्लायवर पडून तडकतं, आणि तडकलेलं अंडं चाखलेल्या कोंबडीला ती खोड लागते. तूस किंवा लाकडाचा भुसा तीन इंच हवा. भोकाच्या वरच्या अर्ध्या भागावर बारदानाचा पडदा सोडा. दिवसा झाकण बंद करून आत पाहिलं आणि सांध्यातून उजेडाची रेघ दिसली तर ती बुजवा. तिथून पाणीही येणारच आहे.

तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर येण्याआधी, साधारण अठराव्या आठवड्यात, पेटी लागलेली हवी. पहिली दहा-पंधरा अंडी जमिनीवर घालायची सवय पडली की मोडायला वेळ लागतो. प्रत्येक खणात लाकडी किंवा संगमरवरी अंडं ठेवा. जमिनीवरचे आवडते अंधारे कोपरे विटा रचून बंद करा आणि अकरापर्यंत कोंबड्या बाहेर सोडू नका.

पेटीत अंड्यांऐवजी सकाळी विष्ठाच सापडत असेल तर कोंबड्या तिथे झोपतायत. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते. बसायचा दांडा पेटीच्या तळापेक्षा निदान फूटभर वर हवा, आणि कोंबडीमागे ८–९ इंच लांबी. जागा कमी पडली की कमजोर कोंबड्या पेटीत ढकलल्या जातात. तोवर संध्याकाळी भोकांना सरकती फळी लावा, उजाडताना काढा. एकच कोंबडी दिवसभर बसून, हात घातला की फुगून टोचत असेल तर ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन ठेवा. खालून हवा लागली की बसणं सुटतं.

नको असलेले पाहुणे

पेटी हा खुराड्याचा सगळ्यात कच्चा भाग, कारण तिला बाहेरून उघडणारं दार आहे. मुंगूस आणि मांजर नुसत्या वजनाने बसलेलं झाकण नाकाने उचलतात. दोन्ही टोकांना कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात पिन घाला. घूस प्लायचा कोपरा कुरतडून आत येते, म्हणून तळाला खालून पत्रा मारा. पाणी निघायची भोकं पत्र्यातही पाडा. अर्ध्या इंचापेक्षा मोठी कुठलीही फट सापाला पुरते. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही; अर्ध्या इंची वेल्डमेशच हवी. अंडी गिळलेला साप त्याच भोकातून बाहेर पडू शकत नाही आणि खणातच वेटोळं करून बसतो. अंधारात हात घालण्याआधी बॅटरी मारून पाहा. साप दिसला तर झाकण बंद करून गावातल्या सर्पमित्राला बोलवा.

पेटी आणि भिंत यांच्या मधली फट गोचिडांची आवडती जागा आहे. दिवसा त्या लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात, आणि कोंबड्या पेटी टाळू लागतात. रात्री बॅटरीच्या उजेडात सांध्यात पाहा. दिसल्या तर पेटी रिकामी करून तूस जाळा आणि फटीत दाट चुना भरा. औषध फवारायचं असेल तर कोणतं आणि किती, ते पशुवैद्यकाला विचारून. आणि फवारल्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही त्याच वेळी विचारून घ्या.